म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय अडतात आणि कारण सापडत नाही: घरापासून दवाखान्यापर्यंत तपासणीचा क्रम

गेल्या अठरा वर्षांत माझ्या घरी आणि शेजारीपाजारी मिळून अकरा म्हाताऱ्या कुत्र्यांचे अडलेले पाय मी जवळून पाहिले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक घरात पहिले वाक्य एकच ऐकले आहे: "आता वय झाले त्याचे." हे वाक्य उच्चारले की शोध थांबतो, म्हणून ते मला धोक्याचे वाटते. वय वाढले की कारणांची संख्या वाढते, दोन-तीन कारणे एकमेकांत मिसळतात आणि मूळ शोधणे अवघड होते. पण मूळ असतेच. या अकरांपैकी चार कुत्री कारण सापडल्यावर पुन्हा नीट चालू लागली. त्यांतल्या एका स्पिट्झ मादीला तीन महिने सांध्यांची पावडर दिली जात होती. तिचे खरे दुखणे होते पंजाच्या आतल्या बाजूला वळून मांसात शिरलेले नख.

पुढचा क्रम याच अनुभवातून बसला आहे. ज्याला पैसा लागत नाही ते आधी आणि ज्यासाठी भूल द्यावी लागते ते शेवटी, असा तो आहे.

लक्षणे

तक्रार बहुधा हळूहळू येते. सकाळी उठताना कुत्रा पुढच्या पायांवर उभा होतो, क्षणभर थांबतो आणि पुठ्ठा उचलायला त्याला दोनदा जोर लावावा लागतो. सोफ्यावर किंवा गाडीत उडी मारण्याआधी तो मान वर करून अंदाज घेतो आणि मागे फिरतो. पाय वर करून लघवी करणारा नर बसून लघवी करू लागतो. शी करताना वाकून स्थिर राहता येत नाही, म्हणून तो चालता चालताच शी करतो. बसताना एक मागचा पाय बाजूला टाकतो, रात्री वारंवार जागा बदलतो, एखादा सांधा किंवा पंजा सतत चाटत राहतो, आणि पूर्वी कधी न गुरगुरणारा कुत्रा कमरेला हात लावताच गुरगुरतो.

ही सगळी लक्षणे एकाच रोगाची नसतात. दुखणारा कुत्रा पाऊल आखडते घेतो आणि त्या पायावर भार टाकायचे टाळतो. ज्याच्या नसांत किंवा कण्यात बिघाड आहे तो पाय ओढतो, मागचे पाय एकमेकांत अडकवतो, पंजा उलटा टेकवतो, आणि कित्येकदा त्याला काहीच दुखत नसते. ज्याचा तोल गेला आहे तो मान एका बाजूला कलती धरतो आणि त्याच बाजूला पडतो. चौथा प्रकार सर्वांत जास्त नजरेआड होतो: पाय ठीक असतात, पण अंगात शक्तीच नसते. हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावले वाईट आणि नंतर चाल मोकळी होत असेल, तर बहुधा सांधे आखडलेले असतात. सुरुवात चांगली होऊन पाच मिनिटांत कुत्रा ढेपाळत असेल, तर हृदय, रक्त किंवा स्नायूंकडे पाहावे लागते.

काही लक्षणांत हा क्रम बाजूला ठेवून त्याच क्षणी पशुवैद्याकडे निघावे. कुत्रा सकाळी चालत होता आणि दुपारी त्याला मागच्या पायांवर उभेच राहता येत नाही; बारा तासांत लघवी झालेली नाही किंवा ती नुसती थेंब थेंब गळते आहे; हिरड्या पांढुरक्या पडल्या आहेत; लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कॉफीसारखी गडद होते आहे; पोट फुगून कोरड्या उलट्या होत आहेत; मागचे पाय लुळे पडून गार लागत आहेत; किंवा अशक्तपणा मागच्या पायांकडून काही तासांत पुढे सरकतो आहे. अचानक लुळ्या पडलेल्या पायांच्या बाबतीत कण्यातील चकती सरकलेली असू शकते, आणि तिथे शस्त्रक्रियेचे यश किती तासांत कुत्रा पोहोचला यावर पुष्कळ अवलंबून असते. "उद्या सकाळपर्यंत बघू" हा निर्णय या ठिकाणी फार महागात पडतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे स्पष्ट सांगितलीच पाहिजे. लसीकरण झालेले नसलेल्या किंवा अलीकडे दुसऱ्या कुत्र्याने चावलेल्या कुत्र्याचे पाय लुळे पडू लागले, त्यातच जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली किंवा भुंकण्याचा आवाज बदलला, तर रेबीजची शंका धरावी. घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये, कोणालाही जवळ जाऊ देऊ नये आणि पशुवैद्याला दूरध्वनीवर सगळे सांगून मगच पुढचे पाऊल उचलावे. लाळेशी संपर्क आला असेल तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करावी.

पहिली तपासणी: वही आणि मोबाइल

दवाखान्यात गेल्यावर कुत्रा घाबरलेला असतो, आणि त्या भीतीच्या भरात तो बऱ्याचदा घरच्यापेक्षा चांगला चालून दाखवतो. पशुवैद्याला काहीच दिसत नाही आणि मालक खट्टू होऊन परततो. म्हणून आधी घरीच चित्रण करावे. रस्त्यावर सरळ रेषेत, पट्टा सैल सोडून, सावकाश चालवत समोरून, मागून आणि बाजूने वीस-वीस सेकंदांचे व्हिडिओ घ्यावेत. सकाळी झोपेतून उठतानाचा एक आणि जिन्यावरचा एक व्हिडिओही घ्यावा. ते सावकाश गतीने पाहिले तर दोन गोष्टी कळतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा जास्त वर उचलला जातो. माणसे डोके खाली जाताना पाहून चांगल्याच पायाला दुखरा समजतात; ही चूक मीही बरीच वर्षे करत होतो.

वहीत रोज चार ओळी पुरेत: किती वाजता त्रास जास्त होता, कोणता पाय होता, भूक कशी होती, लघवी-शी कशी झाली. कोणता पाय हे लिहिण्याचा आग्रह का, ते पुढे गोचीडतापाच्या भागात येईल.

दुसरी तपासणी: फरशी

याला तपासणी म्हणताना काही जणांना संकोच वाटेल, पण मी हिला फार वरचे स्थान देतो. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीवर बारा वर्षे नीट वावरलेला कुत्रा नव्या सदनिकेतल्या गुळगुळीत विट्रिफाइड टाइल्सवर आठवड्याभरात "अपंग" दिसू लागतो. मांड्यांचे स्नायू वयाने थोडे उतरलेले असतात, त्यामुळे घसरणारा पाय वेळेत आत ओढता येत नाही. दोन-तीनदा पडल्यावर त्याच्या मनात भीती बसते आणि तो उठायचेच टाळतो. मग हालचाल कमी, म्हणून स्नायू आणखी कमी, असे चक्र सुरू होते.

चाचणी सोपी आहे. त्याच कुत्र्याला मातीच्या किंवा डांबरी रस्त्यावर नेऊन पाहावे. तिथे चाल जवळजवळ पूर्वीसारखी असेल, तर घरात त्याच्या नेहमीच्या वाटेवर, म्हणजे झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत, खालून रबर असलेल्या पट्ट्या किंवा योगासनांच्या जुन्या चटया अंथराव्यात. सतरंजी नको, ती स्वतःच सरकते. फरशी बदलून चार-पाच दिवसांत फरक पडला नाही, तर पुढे जावे.

तिसरी तपासणी: नखे, पंजाच्या गाद्या आणि बोटांच्या मधली जागा

रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात, घरातल्या म्हाताऱ्याची वाढत राहतात. चालताना फरशीवर टकटक ऐकू येत असेल तर नखे लांब आहेत असे समजावे. लांब नख जमिनीला टेकले की बोट मागे रेटले जाते आणि प्रत्येक पावलाला पंजाच्या सांध्यांवर ताण येतो. पंजाच्या वर आतल्या बाजूला असलेले नख जमिनीला कधीच टेकत नाही, त्यामुळे ते गोल वळून मांसात शिरते, आणि केसाळ कुत्र्यात ते केस बाजूला केल्याशिवाय दिसत नाही.

याच वेळी नखांची झीज पाहावी. मागच्या पंजाच्या मधल्या दोन नखांचा वरचा भाग घासून चपटा झाला असेल, किंवा शांत रस्त्यावर चालताना मागून खर्र असा घासल्याचा आवाज येत असेल, तर तो कुत्रा पाऊल पुरेसे उचलत नाही. ही खूण बहुधा नसांच्या किंवा कण्याच्या बिघाडाची असते, आणि इतर कोणतेही लक्षण दिसण्याआधी काही आठवडे ती दिसू शकते.

मग प्रत्येक बोट अलगद फाकवून टॉर्चच्या उजेडात पाहावे. पावसाळ्यात माणसाला चिखल्या होतात तशी लाल, ओलसर, वास येणारी कातडी कुत्र्याच्या बोटांतही होते. पावसाळा संपला की टेकड्यांवरचे गवत वाळते आणि कुसळे गळू लागतात. पुण्यात वेताळ टेकडीवरून फिरवून आणलेल्या कुत्र्याच्या बोटांतून मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुसळे काढली आहेत. कुसळाची रचनाच अशी की ते एकाच दिशेने पुढे सरकते, मागे येत नाही. बोटांच्या मध्ये छोटे भोक आणि त्यातून येणारा पातळ पू दिसला, तर कुसळ आत शिरलेले आहे असे धरून तिथेच थांबावे. सुई-चिमट्याने कोरू नये. ते काढणे पशुवैद्याचे काम आहे. वर दिसणारा बाभळीचा काटा मात्र घरी काढता येतो.

दुखऱ्या जागी हात लागल्यावर सर्वांत प्रेमळ कुत्राही चावू शकतो. म्हणून तोंडाला मऊ पट्टी सैलसर बांधून किंवा मुसकी घालून, एकाने डोके धरून, दुसऱ्याने पाहावे. धाप लागलेल्या कुत्र्याचे तोंड मात्र बांधू नये.

चौथी तपासणी: वजन

कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे. मोठ्या कुत्र्यासाठी दवाखान्यातला काटा वापरावा. बरगड्या चाचपून पाहाव्यात: हलक्या हाताने त्या एकेक मोजता आल्या पाहिजेत. दाबल्याशिवाय लागत नसतील तर वजन जास्त आहे. लठ्ठ आणि लंगडणाऱ्या कुत्र्याचे वजन सहा-सात टक्क्यांनी उतरले तरी चालीत फरक दिसतो. ३५ किलोच्या लॅब्रॅडॉरसाठी हे साधारण सव्वादोन किलो झाले, आणि तुपाची पोळी, चहात बुडवलेली ग्लुकोजची बिस्किटे आणि घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे दिलेला घास बंद केला तर चार-पाच महिन्यांत ते साधते. घरातल्या आजी-आजोबांना हे पटवणे हीच यातली खरी मेहनत आहे, आणि ती घ्यावी.

याच्या उलट, खाणे कमी न करताही कुत्रा बारीक होत असेल, पाठीचा कणा हाताला लागत असेल, तर ती लठ्ठपणापेक्षा जास्त गंभीर गोष्ट आहे आणि रक्ततपासणीपर्यंत थेट जावे. दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने, प्रत्येक वेळी गुडघ्यापासून तेवढ्याच अंतरावर, महिन्यातून एकदा मोजावा. एकच मांडी बारीक होत असेल तर त्या पायाचा वापर कमी झाला आहे. दोन्ही होत असतील तर कणा, ग्रंथींचे विकार किंवा सर्वांगाचा रोग मनात धरावा.

पाचवी तपासणी: पंजा उलटा टेकवून पाहणे

कुत्रा घसरणार नाही अशा जागी उभा असताना पोटाखालून हाताचा आधार द्यावा आणि मागचा एक पंजा हलकेच वाकवून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवावी. निरोगी कुत्रा तो जवळजवळ लगेच सरळ करतो. दोन-तीन सेकंद तसाच राहिला, तर पाय कुठे आहे ही जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. चारही पायांवर, प्रत्येकी तीनदा करून वहीत लिहावे.

ही चाचणी मला इतकी महत्त्वाची का वाटते ते सांगतो. संधिवाताचा कुत्रा पंजा सरळ करतो, कण्याचा रुग्ण करत नाही. बाहेरून दोघांची चाल सारखीच डळमळीत दिसत असताना हा एक फरक पुढच्या सगळ्या तपासण्यांची दिशा ठरवतो. चाचणीत पंजा उलटाच राहिला तर घरगुती शोध इथे संपवून त्याच आठवड्यात पशुवैद्याला गाठावे, आणि तोवर उड्या, जिने आणि मालिश पूर्ण बंद ठेवावे. मान किंवा पाठ वाकवून, ओढून पाहण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये.

सहावी तपासणी: गोचीड आणि ताप

महाराष्ट्रात राहणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातच, भिंतींच्या भेगांत आणि दाराच्या चौकटीमागे अंडी घालते, त्यामुळे ती बारा महिने असते. तिच्यातून येणारा गोचीडताप, विशेषतः एर्लिकिया नावाच्या जिवाणूचा, सांध्यांना सूज आणतो आणि कुत्रा लंगडू लागतो. त्याची खासियत ही की आज एक पाय, पुढच्या आठवड्यात दुसराच, असे लंगडणे फिरते. वहीत पायाचे नाव लिहायला सांगितले ते यासाठी.

माझा मोती, लॅब्रॅडॉरच्या मिश्र जातीचा, अकरा वर्षांचा असताना जुलैमध्ये पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागला. पाऊस होता, वय होते, म्हणून मी दोन महिने शेक दिला. मध्येच तो पाय बरा झाला आणि मागचा डावा दुखू लागला. मला वाटले सुधारणा होते आहे. अंगावर एकही गोचीड दिसत नव्हती. दूधवाला फाटक वाजवायचा तेव्हा तो डोकेही उचलेनासा झाला आणि एके सकाळी त्याच्या पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे जांभळे ठिपके दिसले. रक्तात प्लेटलेट्स ६२,००० निघाल्या. कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. डॉक्सीसायक्लिन सुरू झाल्यावर तिसऱ्या सकाळी तो दूधवाल्याच्या आधी फाटकाशी उभा होता. ते दोन महिने त्याने विनाकारण सोसले, याचे मला आजही वाईट वाटते.

कानांच्या आत, बोटांमध्ये, शेपटीखाली आणि काखेत गोचिडी शोधाव्यात. नाही सापडल्या तरी शंका सोडू नये. साध्या डिजिटल तापमापीला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून ताप घ्यावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे १०१.५ पाहून घाबरू नये. १०३ च्या वर गेले, भूक मंदावली, हिरड्या फिकट झाल्या किंवा नाकातून रक्त आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि औषध सुरू झाले की साधारण चार आठवड्यांचा क्रम पूर्ण करावा. तीन-चार दिवसांत कुत्रा ताजातवाना होतो आणि गोळ्या बंद होतात, मग तीन महिन्यांनी तेच लंगडणे परत येते. "वारंवार उद्भवणारा त्रास" म्हणून माझ्याकडे आलेल्या तीन कुत्र्यांची कथा हीच होती.

घरी काय देऊ नये

इथवर आल्यावर माणसे घरातल्या औषधांच्या डब्याकडे वळतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल किंवा त्यांचे मिश्रण असलेली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. त्यांतून जठराला जखमा होतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होते, आणि लहान कुत्र्याला एकच गोळीही पुरते. डायक्लोफेनॅकचे मलमही नको, कारण तो ते चाटणारच. पूर्वी एखाद्या पशुवैद्याने दिलेली गोळी उरली आहे म्हणून तीही पुन्हा सुरू करू नये. मधल्या काळात मूत्रपिंडाची स्थिती बदललेली असू शकते. गावाकडे लंगड्या जनावराला डाग देण्याची पद्धत अजूनही दिसते. ते करू नये. त्याने फक्त भाजल्याची जखम होते.

गरम पाण्याच्या पिशवीचा कोमट शेक जुन्या आखडलेल्या सांध्याला दहा मिनिटे चालतो. नुकत्याच सुजलेल्या, गरम लागणाऱ्या सांध्याला चालत नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या मनगटाजवळ, खांद्याजवळ किंवा गुडघ्याजवळ हाडालाच चिकटलेली कडक सूज लागली, तर ना शेक, ना मालिश. तिथे हाडाचा कर्करोग असू शकतो आणि ते हाड साध्या धक्क्यानेही मोडू शकते.

पशुवैद्याकडे काय करून घ्यावे

व्हिडिओ आणि वही आधी दाखवावी. हाताने केलेली सविस्तर तपासणी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सांगणारी तपासणी आहे. ती झाल्याशिवाय एक्स-रे काढण्याची घाई करू नये. बसताना एक पाय बाजूला टाकणाऱ्या वजनदार कुत्र्यात गुडघ्याची अस्थिबंधनी, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारी दोरी, तुटलेली असू शकते, आणि ती हातालाच कळते.

त्यानंतर रक्त. संपूर्ण रक्तगणना, मूत्रपिंड आणि यकृताची तपासणी आणि गोचीडतापाची किट चाचणी ही माझ्या दृष्टीने किमान यादी आहे. किट दहा मिनिटांत उत्तर देते, पण ती शरीरातली प्रतिपिंडे दाखवते, आणि जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गानंतरही ती बराच काळ राहतात. म्हणून ती रक्तगणनेसोबतच वाचावी लागते. वजन वाढलेल्या, सुस्त, केस गळणाऱ्या कुत्र्यात थायरॉइडही पाहावा. मूत्रपिंडाचा अहवाल हातात आल्यावरच पशुवैद्य कुत्र्यांसाठीचे वेदनाशामक ठरवू शकतो. आधी कुठे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले असेल तर ते न विसरता सांगावे, कारण स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र आले तर जठराला भोक पडण्याचा धोका असतो. वेदनाशामक सुरू असताना उलट्या झाल्या किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर पुढची मात्रा न देता लगेच दूरध्वनी करावा.

एक्स-रे त्यानंतर. इथे एक सावधगिरी हवी: दहा वर्षांवरच्या बहुतेक मोठ्या कुत्र्यांच्या कण्यावर हाडाची वाढ दिसते, आणि तिचा त्रासाशी संबंध असेलच असे नाही. कित्येक अहवाल "कण्याचा संधिवात" म्हणून तिथेच थांबतात, आणि खरा रोग दुसरीकडे वाढत राहतो. पंजा उलटा राहणे आणि एक्स-रेवरची हाडाची वाढ या दोन गोष्टी एकमेकींचे स्पष्टीकरण देत आहेत का, असे पशुवैद्याला सरळ विचारावे. जवळ चांगली सोय नसेल तर मुंबईत परळला १८८६ पासून असलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील महाविद्यालये यांच्या शिकवणाऱ्या रुग्णालयांचा विचार करावा.

तीन रोगांची ओळख मालकाला असावी, कारण ते नेहमी दुसऱ्याच नावाने ओळखले जातात. पहिला म्हाताऱ्या कुत्र्याचा तोल अचानक जाण्याचा: मान कलते, बुबुळे झटके देत एका बाजूला फिरतात, उलट्या होतात. घरचे याला अर्धांगवायू समजून आशा सोडतात, पण यातली पुष्कळ कुत्री दोन-तीन दिवसांत सुधारू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत चालतात. कानाचा संसर्ग आणि मेंदूचा रोग नाही ना, एवढे पशुवैद्याने पाहायला हवे. दुसरा लॅब्रॅडॉरचा: भुंकणे घोगरे होते, श्वासाला घरघर येते आणि त्याच सुमारास मागचे पाय डळमळू लागतात. घशाच्या आणि पायांच्या नसा एकाच रोगात क्षीण होत असतात. अशा कुत्र्याला एप्रिल-मेच्या उन्हात फिरवणे जिवावर बेतते, कारण घसा पुरेसा उघडत नाही आणि धापून अंग थंड करता येत नाही. तिसरा मुख्यतः जर्मन शेफर्डचा, मज्जारज्जू हळूहळू झिजण्याचा. तो आठ वर्षांनंतर सुरू होतो, त्यात वेदना नसतात, आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात मागचे पाय जातात. यावर औषध नाही, पण नियमित व्यायामाने आणि आधाराने चालण्याचा काळ वाढवता येतो.

एमआरआय हा शेवटचा टप्पा. तो मोजक्या शहरांत होतो, महाग आहे आणि पूर्ण भूल द्यावी लागते. तो करण्याआधी घरात बसून एकच गोष्ट ठरवावी: शस्त्रक्रिया करण्यासारखे काही निघाले तर ती करायची आहे का, आणि त्यानंतरचे सहा आठवडे कुत्र्याला सांभाळायला घरात कोणी आहे का. उत्तर नाही असे असेल, तर तोच पैसा आणि वेळ वेदनाशमन, फिजिओथेरपी आणि शुश्रूषेवर घालवणे मला जास्त योग्य वाटते.

रोजचे सांभाळणे

चाळीस मिनिटांच्या एका फेरीऐवजी दहा मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या कराव्यात. पूर्ण विश्रांतीने स्नायू जातात, आणि रविवारी एकदम लांब फिरवल्याने सोमवारी कुत्रा उठत नाही. सांध्यांच्या पूरक पावडरींपैकी ग्लुकोसामाइनचा पुरावा कमकुवत आहे, माशाच्या तेलातील ओमेगा-३ ला त्यामानाने बरा आधार आहे. मात्रा पशुवैद्याला विचारावी.

मागच्या पायांना आधार द्यायला विकतचा पट्टा लागतोच असे नाही. जुन्या सुती साडीचा वीतभर रुंद, चौपदरी पट्टा मांड्यांच्या अगदी पुढे, पोटाखालून घ्यावा आणि दोन्ही टोके वर धरावीत. उचलून न्यायचे नाही. फक्त पाय घसरला तर पडू द्यायचे नाही, एवढाच जोर लावायचा. नराच्या लघवीची जागा मोकळी राहील असा पट्टा बसवावा, नाहीतर ओल राहून कातडी सडते.

उठताच न येणाऱ्या कुत्र्याला दर चार तासांनी कूस बदलून द्यावी, आणि खाली चार बोटे जाड फोमवर रोज बदलता येईल अशी धुतलेली गोधडी घालावी. कोपरे, खुबा आणि घोट्याची बाहेरची बाजू रोज रात्री बोटाने चाचपावी. तिथे केस गळून कातडी लाल दिसली की फोम अपुरा आहे. कातडी ओली किंवा काळपट झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे, कारण त्या जखमेखालचे मांस वरून दिसते त्याहून बरेच जास्त गेलेले असते.